हृदयाचा धडा

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सव समितीने मला ‘मातृभाषेतून शिक्षण’ या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. बडोद्याला हा विषय नवा नाही. महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. अशा या नगरीत गुजराती शाळांच्या शेजारी मराठी शाळाही नांदत आल्या. आपल्या शाळेची साठ वर्षे हा त्याच परंपरेचा एक छोटासा भाग आहे.

परंतु गेली काही वर्षे प्रवेशाच्या दिवसांत माझ्यासमोर बसलेले पालक एक शंका हमखास विचारतात. ते म्हणतात, “बाई, गोष्टी-कविता मराठीतून ठीक आहेत, पण विज्ञानाचे काय? पुढे अडणार नाही का?” हे विचारणाऱ्यांत या शाळेचे माजी विद्यार्थीही असतात. शंका प्रामाणिक आहे. पहिलीच्या वर्गाचा पट रोडावतो आहे, त्यामागे हीच शंका आहे, हेही मी जाणते. तिला तत्त्वज्ञानाने उत्तर देण्यापेक्षा मी आज आपल्यापुढे एक धडा उलगडणार आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना हृदय आणि रक्ताभिसरण आम्ही कसे शिकवतो, एवढेच मी सांगेन. उत्तर त्यातून निघते की नाही, ते आपण ठरवावे.

आठ-नऊ वर्षांचे मूल या धड्याला कोरी पाटी घेऊन येत नाही. हृदयाचे चित्र काढा म्हटले की सारा वर्ग पत्त्यातला बदाम काढतो. हृदय कुठे आहे म्हटले की सगळे हात छातीच्या अगदी डाव्या टोकाला जातात. वास्तविक हृदय छातीच्या मध्याजवळ, दोन फुप्फुसांच्या मधोमध असते. त्याचे टोक तेवढे डावीकडे झुकलेले असते. आकाराने ते ज्याच्या-त्याच्या मुठीएवढे. मुलांना आपापली मूठ छातीच्या मध्याशी, किंचित डावीकडे धरायला सांगितली की बदामाचे चित्र मागे पडू लागते.

मग भाषेचा प्रश्न येतो. आपल्या मराठीत भीतीने काळजात धस्स होते, आनंदाने ऊर भरून येतो, आणि आई लेकराला काळजाचा तुकडा म्हणते. मुले विचारतात, काळीज म्हणजेच हृदय का? ज्यांच्या घरी मटण शिजते ती मुले लगेच सांगतात की दुकानात काळीज मागितले तर वेगळेच काही मिळते. ते यकृत असते. एकाच शब्दाने बोलण्यात हृदय आणि बाजारात यकृत असा दोन्ही अर्थ वाहावा, याची मुलांना मोठी गंमत वाटते. मी हा गोंधळ लगेच मिटवत नाही. पुढे तो कामाला येतो.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचे नाही, असा आमचा नियम आहे. त्या दिवशी फक्त ठोका शोधायचा. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे हलकेच टेकवायची. अंगठ्याने नाडी पाहायची नाही, कारण अंगठ्यालाही स्वतःचा ठोका असतो आणि मोजणाऱ्याची फसगत होते. काहींना नाडी पटकन सापडते, काही रडकुंडीला येतात. त्यांच्यासाठी एक युक्ती आहे. वाटाण्याएवढी कणकेची गोळी मनगटावर नाडीच्या जागी चिकटवायची आणि तिच्यात खराट्याची काडी उभी खोचायची. हात टेबलावर स्थिर ठेवला की काडीचे टोक ठोक्यागणिक डुलू लागते. आपल्या शरीरात आपल्याला न विचारता काहीतरी चालू आहे, हे मूल त्या क्षणी डोळ्यांनी पाहते. वर्गात अशी शांतता शिक्षकाला वर्षातून दोन-तीनदाच लाभते.

दुसऱ्या दिवशी मोजणी. अर्धा मिनिट ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. फळ्यावर आकडे उतरतात: ८४, ९०, ९६. मग मैदानावर एक मिनिट दोरीवरच्या उड्या मारायच्या आणि पुन्हा मोजायचे. आकडे १३०-१४० च्या पुढे जातात. तीन-चार मिनिटांनी पुन्हा मोजले की खाली येऊ लागतात. घरी जाऊन आजी-आजोबांचे आणि तान्ह्या भावंडाचे ठोके मोजून आणायचे, हा गृहपाठ. प्रौढ माणसाचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला साधारण ६० ते १००, तर नवजात बाळाचे १२० च्याही पुढे, हे मुले स्वतःच्या वहीतून वाचून दाखवतात. जीव लहान तर ठोके जलद, असा अंदाज कुणीतरी बांधते.

तो अंदाज ताडून पाहायला आपल्या गावात उत्तम जागा आहे. कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. त्या फासळ्यांखाली उभे राहून मी मुलांना सांगते, की कॅनडातल्या टोरांटोच्या संग्रहालयाने अशाच एका देवमाशाचे हृदय जतन केले आहे आणि त्याचे वजन सुमारे १८० किलो भरले. हा प्राणी खोल पाण्यात बुडी मारतो तेव्हा त्याचे ठोके मिनिटाला अवघ्या दोनापर्यंत उतरल्याची नोंद शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केली. मुले घड्याळाकडे पाहत अर्धा-अर्धा मिनिट थांबून एकेक टाळी वाजवतात. मग उंदराच्या हृदयाची पाळी येते. ते मिनिटाला पाचशेच्या वर धडधडते, आणि तेवढ्या टाळ्या कुणालाच वाजवता येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी ऐकणे. जाड कागदाची पुंगळी करून तिचे एक टोक मित्राच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाशी धरायचे. पॅरिसमधले डॉक्टर रेने लेनेक यांनी १८१६ साली एका रुग्णाची छाती तपासताना अशीच कागदाची गुंडाळी केली आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप जन्माला आला. ‘लब-डब, लब-डब’ असा आवाज ऐकून मुलांना वाटते, की हृदय आतून बरगडीवर आपटते आहे. खरे तर तो झडपा मिटण्याचा आवाज असतो. पुढे गेलेले रक्त मागे फिरू नये म्हणून हृदयात झडपा असतात. पहिला आवाज कप्प्यांमधल्या झडपांचा, दुसरा बाहेर जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या तोंडच्या झडपांचा.

आता मी धड्याच्या गाभ्याशी येते. शरीरात रक्त वाहते, हे मुलाला ठाऊक असते. गुडघा फुटला की दिसतेच. ते रक्त परत येते, ही मात्र अवघड कल्पना आहे. ‘अभिसरण’ हा शब्द पाठ केल्याने ती कळत नाही. तिच्यासाठी आम्ही अंगणात दोन बादल्या मांडतो. एकीत पाच लिटर पाणी, कारण मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण तेवढे रक्त असते. सोबत सत्तर मिलिलिटरची एक लहान वाटी, कारण हृदयाच्या एका ठोक्यासरशी साधारण तेवढे रक्त पुढे ढकलले जाते. मिनिटाला सत्तर ठोके धरले, तर मिनिटभरात सत्तर वाट्या पाणी या बादलीतून त्या बादलीत गेले पाहिजे. मुले आळीपाळीने प्रयत्न करतात. अंगण भिजते, हात दुखतात आणि चाळीस-पन्नास वाट्यांवर दम निघतो. हृदय हे काम रात्रंदिवस करते, दिवसाला सुमारे एक लाख ठोके. सत्तर गुणिले सत्तर म्हणजे ४,९०० मिलिलिटर, हा गुणाकार चौथीच्या मुलाला येतो. दिवसाचे सात हजार लिटर होतात, म्हणजे पाण्याचा एक टँकर.

येथे बाईंनी थांबायचे आणि एकच प्रश्न विचारायचा. “पहिल्या मिनिटातच बादली रिकामी झाली. दुसऱ्या मिनिटाला हृदय काय ढकलणार?”

पहिले उत्तर दरवर्षी तेच येते: आपण जेवतो ना, त्याचे नवे रक्त होते. या उत्तराला हसू नये. दुसऱ्या शतकातला थोर वैद्य गॅलेन याचेही मत असेच होते. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते आणि ते शरीरभर जाऊन तिथेच संपते, असे त्याचे म्हणणे. युरोपात ते सुमारे चौदाशे वर्षे प्रमाण मानले गेले. काळीज हा शब्द यकृत आणि हृदय या दोहोंवर का बसावा, याचे मुलांना आता नवल वाटेनासे होते. रक्ताचे मूळ यकृतात शोधणारे मोठमोठे वैद्यही होऊन गेले, हे त्यांना कळलेले असते.

पण वर्गात कुणीतरी हिशेब मांडतेच. मिनिटाला पाच लिटर म्हणजे तासाला तीनशे लिटर. तेवढे रक्त करायला किती पोळ्या खाव्या लागतील? सगळे हसतात, आणि त्या हसण्यातून एखादा आवाज उमटतो, “बाई, तेच रक्त परत येत असेल!” गेल्या वर्षी हे वाक्य एका अशा मुलीने उच्चारले, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही.

इंग्लंडचे वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात नेमकी हीच मांडणी केली होती. अर्ध्या तासात हृदय जेवढे रक्त पुढे ढकलते तेवढे साऱ्या शरीरातही नसते. म्हणून ते फिरून परत आलेच पाहिजे. ते कोणत्या वाटेने परत येते, ते त्यांना दिसले नव्हते. रक्त नेणाऱ्या आणि आणणाऱ्या वाहिन्यांना जोडणाऱ्या केसाहून बारीक नलिका इटलीच्या मार्सेलो माल्पिगी यांनी १६६१ साली सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. हार्वे त्यापूर्वी चार वर्षे निवर्तले होते. डोळ्यांना न दिसलेली वाट त्यांनी गुणाकाराने ओळखली. आमची चौथीची मुले तोच गुणाकार करून तिथेच पोहोचतात.

आता माझा प्रश्न. त्या अबोल मुलीने ते वाक्य कोणत्या भाषेत उच्चारले? ज्या भाषेत ती भांडते, रुसते आणि आजीला ‘असं का?’ विचारते त्या भाषेत. तर्क करायला धीर लागतो. चुकले तरी चालेल, असे वाटावे लागते. वाक्य कसे जुळवावे याच विवंचनेत असलेले मूल ‘तेच रक्त परत येत असेल’ असे धाडसाचे अनुमान काढायला जात नाही. ते पाठ केलेली व्याख्या सुखरूप म्हणून दाखवते. परीक्षेत दोघांनाही सारखेच गुण मिळतील. फरक पुढे, नवा प्रश्न समोर आल्यावर कळतो.

तसे नवे प्रश्न येतातही. मैदानावर आम्ही रांगोळीने हृदयाचे चार कप्पे, दोन फुप्फुसे आणि बाकीचे शरीर काढतो. मुले रक्त होऊन त्यातून चालतात. फुप्फुसात लाल चिठ्ठी घ्यायची, म्हणजे प्राणवायू. ती पायाच्या बोटाशी द्यायची, निळी चिठ्ठी घेऊन परत यायचे. एका मुलाने विचारले, “फुप्फुसातून पुन्हा हृदयात कशाला जायचं? सरळ पायाकडे का नाही?” प्रश्न अगदी रास्त आहे. माशाच्या शरीरात तसेच होते. त्याच्या हृदयाला दोनच कप्पे. रक्त कल्ल्यांमधून परस्पर शरीरात जाते. पण बारीक नलिकांमधून जाताना रक्ताचा दाब ओसरतो. आपल्या शरीराला दाब अधिक लागतो, म्हणून रक्त हृदयात परतून दुसरा धक्का घेते. हा दुसरा धक्का साऱ्या शरीरासाठी असतो, म्हणूनच डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत सर्वांत जाड असते.

आता शब्दांविषयी, कारण शंकेचे मूळ बहुधा तिथेच असते. इथे बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी रोहिणी आणि नीला, कर्णिका आणि जवनिका अशी नावे पाठ केली असतील. अलीकडच्या मराठी पुस्तकांत धमनी आणि शिरा, अलिंद आणि निलय असे शब्द आढळतात. आमच्या मुलांचे गुजराती सवंगडी कर्णक आणि क्षेपक म्हणतात. मोठी ताई कॉलेजातून आर्टरी आणि व्हेन घेऊन येते. एवढ्या नावांच्या गर्दीत मूल गोंधळेल, ही भीती साहजिक आहे. आमचा अनुभव वेगळा आहे. आम्ही आधी मुलांनाच नावे ठेवू देतो. ती म्हणतात, ‘नेणारी नळी’ आणि ‘आणणारी नळी’. हृदयाकडून नेते ती नेणारी, हृदयाकडे आणते ती आणणारी. एवढे पक्के झाले की रोहिणी, धमनी, आर्टरी ही एकाच नळीची तीन नावे ठरतात. जसे घरी चिंगी, शाळेत चित्रलेखा.

मुलांच्या या नावांत एक शास्त्रीय लाभही आहे. ‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध रक्त’ असे आपल्यापैकी अनेकांनी घोकले असेल. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी धमनी मात्र प्राणवायू कमी असलेले रक्त नेते आणि तिथून परतणारी शिरा प्राणवायूने भरलेले रक्त आणते. तिथे ते घोकलेले वाक्य मोडते. नेणारी-आणणारी हा भेद कुठेच मोडत नाही. शिवाय ‘अशुद्ध’ म्हटले की आपल्या अंगात काही घाण आहे, असे मुलाला वाटते. आम्ही तो शब्द वापरत नाही.

शब्द मुलाला चकवतात, तसे शिकवतातही. ‘नीला’ या नावामुळे आणि तक्त्यातल्या निळ्या रंगामुळे शिरांतले रक्त निळे असते, असे मुलांना वाटते. माणसाचे रक्त कधीच निळे नसते. प्राणवायू कमी झाला की ते गडद लाल होते, एवढेच. त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशामुळे शीर आपल्याला निळसर भासते. ‘धमनी’च्या मुळाशी फुंकणे या अर्थाचा ‘धम्’ धातू आहे. गंमत अशी, की प्राचीन ग्रीसमधल्या काही वैद्यांनाही धमन्यांतून हवा वाहते असेच वाटे. संज्ञेच्या पोटात इतका इतिहास असतो आणि तो मुलाला आपल्या भाषेत उलगडून दाखवता येतो. पाचवीनंतर आम्ही इंग्रजी संज्ञाही नीट, शुद्धलेखनासह शिकवतो. पायरी मात्र आधी बांधायची, पाय नंतर ठेवायचा.

या धड्याची एक नाजूक बाजू आहे. दर वर्षी वर्गात एखादे असे मूल असते, ज्याच्या घरी कुणी हृदयविकाराने गेलेले असते. कधी एखाद्याच्या छातीवर शस्त्रक्रियेचा व्रण असतो. दर शंभर नवजात बालकांत सुमारे एकाच्या हृदयात जन्मतः काही दोष असतो. म्हणून धडा सुरू करण्यापूर्वी वर्गशिक्षिका घरच्यांशी बोलतात. मैदानावरच्या उड्यांच्या वेळी अशा मुलाकडे घड्याळ आणि वही सोपवायची. ते वर्गाचे मोजणीदार होते. ‘हृदय थांबलं की माणूस मरतो का?’ असे कुणी विचारले, तर प्रश्न उडवून लावायचा नाही. खरे उत्तर शांतपणे द्यायचे आणि त्याबरोबरच सांगायचे, की बिघडलेल्या झडपा बदलता येतात, छिद्रे बुजवता येतात, आणि १९९४ साली दिल्लीच्या एम्स रुग्णालयात एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत यशस्वीपणे बसवले गेले.

पालकांना याच संदर्भात एक विनंती. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत घशाच्या एका विशिष्ट जिवाणूसंसर्गाकडे दुर्लक्ष झाले, तर काही आठवड्यांनी सांधे सुजून ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या दुखावू शकतात. मुलाचा घसा तापासह दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी दिलेला औषधाचा क्रम बरे वाटले तरी पुरा करा. शाळेत सरकारी आरोग्य तपासणीचे पथक येते, त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका.

आणखी एक काम घरी करता येईल. मुलाला आजीचा हात पाहू द्या. उतारवयात हाताच्या पाठीवर शिरा उठून दिसतात. आजीची परवानगी घेऊन बोटांच्या बाजूला एका शिरेवर हलकेच बोट दाबून धरायचे आणि दुसऱ्या बोटाने तीच शीर मनगटाच्या दिशेने पुसत न्यायची. मधला भाग रिकामा, सपाट होतो, आणि वाटेत झडप असेल तर वरचे रक्त मागे येत नाही. खालचे बोट उचलताच शीर खालून भरते. हार्वे यांनी आपल्या ग्रंथात दंडाला पट्टी बांधून फुगवलेल्या हाताच्या शिरांची चित्रे दिली आहेत, ती याच प्रयोगाची. आपल्या आजीच्या हातावर तो करताना मूल जे प्रश्न विचारील, त्यांची उत्तरे तिच्याच भाषेत देता येतील.

माजी विद्यार्थ्यांत आज अनेक डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, औषधनिर्माते आहेत. त्यांच्याकडे देणगीपेक्षाही मोठे मागणे आहे. वर्षातला एक तास आमच्या चौथीला द्या. खरा स्टेथोस्कोप घेऊन या, मुलांना एकमेकांचे ठोके ऐकू द्या आणि त्यांच्या प्रश्नांना मराठीतून उत्तरे द्या. आपल्या भाषेत बोलणारा डॉक्टर समोर उभा असला, की पुढे अडेल का, ही शंका मुलाच्या मनात उरत नाही. पालकांच्याही मनात फार काळ टिकत नाही.

साठ वर्षांपूर्वी ज्यांनी ही शाळा उभारली, त्यांना मी वंदन करते. हृदयाचा हा धडा यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीच्या वर्गात होईल. ज्या पालकांना तो पाहायचा असेल त्यांनी अवश्य यावे. बादल्या आमच्या आहेत. वाट्या तेवढ्या घरून आणाव्यात.